ओठांचा चातुर्मास

देवउठनी एकादशीच्या रात्री जयपूरच्या टोंक रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. आपली कार्तिकी एकादशी तीच ही. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा इकडे चार महिने निजलेले देव उठून लग्नांना मोकळीक देतात. लग्नाच्या मुहूर्ताला इथे ‘सावा’ म्हणतात आणि देवउठनीचा सावा अबूझ, म्हणजे पंचांग न उघडता लग्न लावावं असा. दुर्गापुऱ्यापासून सांगानेरच्या दिशेला मॅरेज गार्डनांची फाटकं दिव्यांनी लखलखत असतात. वरातीमागून वरात येते, आणि प्रत्येक वरातीपुढे लाल किंवा निळ्या झालरीच्या गणवेशातला बँड.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘श्वास’ हा विषय कळवला, तेव्हा श्वासावरच पोट असलेल्या माणसांकडे जावं असं मनात आलं. सवाई माधोपूरकडून येणारी गाडी जयपूर जंक्शनच्या आधी दुर्गापुऱ्याला थांबते. स्टेशनच्या एका अंगाला वसाहती आहेत, जवळच राजस्थान कृषी संशोधन संस्थेची शेतं आहेत, आणि टोंक रोडवर दुकानांची रांग. गेल्या हिवाळ्यात लग्नाच्या रात्री मी इथल्या बँडवाल्यांबरोबर चाललो. यंदा भाद्रपदात, लग्नं बंद असताना, पुन्हा गेलो. मला पाहायचं होतं ते एकच: ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या ओठांचं काय होतं.

ओठावरचं कडं

वरात फाटकाशी पोचली की नवरदेव घोडीवर बसूनच तोरण मारतो. तो विधी चालतो तेवढा वेळ बँडला उसंत. अशाच उसंतीत एका तरुण ट्रंपेटवाल्यानं वाद्य खाली घेतलं आणि फाटकाच्या दिव्यात त्याच्या ओठांवरचं लालभडक कडं दिसलं. वरच्या ओठावर ते खोल रुतलेलं होतं, खालच्यावर पुसट. त्यानं वरचा ओठ किंचित उलटा करून बोटानं चाचपला. आतल्या बाजूला, जिथे ओठ दातांना टेकतो तिथे, पांढुरका चट्टा पडला होता. पाण्याची गुळणी करून तो पुन्हा रांगेत उभा राहिला. पुढच्या गाण्याचा मुखडा त्यानं वाजवला, पण अंतऱ्यात चाल वर चढली की तो गप्प व्हायचा आणि शेजारचा वादक तेवढ्या ओळी ओढून न्यायचा.

ओठावर कडं उमटण्यात वावगं काही नाही, प्रत्येक ट्रंपेटवाल्याच्या ओठावर ते उमटतं. ते किती वेळ राहतं हे पाहायचं. वाजवणं थांबवल्यावर काही मिनिटांत ते विरलं तर सगळं ठीक. तासाभरानंतरही ते बोटाला लागत असेल, तर वादक ओठांवर वाद्य दाबून स्वर काढतो आहे असं समजावं.

ट्रंपेटमध्ये पिपाणीसारखी पात नसते. वादकाचे दोन ओठ हीच पात. माउथपीसच्या कड्याचा आतला व्यास साधारण 16 ते 17 मिलिमीटर असतो, म्हणजे कंपायला मिळणारी ओठांची जागा नखाएवढी. त्या जागेत ओठ हलकेच मिटलेले असतात. आतून हवा आली की ते उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. मधल्या पट्टीतल्या स्वरांना ही उघडझाप सेकंदाला तीनशे-चारशे वेळा होते. यात जास्त काम वरच्या ओठाचं. त्याच ओठावर आपल्या वादकाचं कडं खोल रुतलं होतं.

तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू आहे, ज्यानं आपण शीळ घालतो, तोंड मिटतो. गालांतून येणारे स्नायू त्याला दोन्ही कोपऱ्यांत येऊन मिळतात. ओठांची बैठक, जिला पाश्चात्त्य संगीतात ‘एम्बुशर’ म्हणतात, ती या कोपऱ्यांवर उभी असते. कोपरे घट्ट आणि मधला भाग मऊ, ही सगळ्या चांगल्या शिक्षकांची शिकवण. कोपरे धरून ठेवतात, मध्य कंपतो. वरचा स्वर हवा असेल तर कोपरे थोडे आणखी आवळायचे, हवेचा वेग वाढवायचा आणि जीभ ‘आ’च्या जागेवरून ‘ई’च्या जागेकडे न्यायची.

पण दुसराही एक रस्ता आहे, आणि तो फार लवकर सापडतो. वाद्य हातांनी ओठांवर दाबलं की ओठ ताणले जातात, पातळ होतात आणि वरचा स्वर चटकन निघतो. शिकवायला कुणी नसेल तर प्रत्येक मुलाला हा रस्ता आपोआप गवसतो. त्याची किंमत मात्र पुढे वसूल होते. दाबलेल्या ओठांत रक्त नीट खेळत नाही, ते बधिर होतात, मग सुजतात. सुजलेला ओठ जाड झाल्यानं नीट कंपत नाही, म्हणून वादक आणखी दाबतो. वरातीच्या शेवटच्या अर्ध्या तासात या चक्रात सापडलेला माणूस दुरूनही ओळखता येतो. त्याची मान ताठ होते, कपाळावरची शीर उभी राहते, आणि ट्रंपेटच्या खालच्या आकड्यात अडकवलेली उजव्या हाताची करंगळी वाद्याला तोंडाकडे खेचत असते.

या दुखण्यातून जगातला सगळ्यात नामवंत ट्रंपेटवादकही सुटला नाही. लुई आर्मस्ट्राँग यांचे ओठ इतके जायबंदी झाले की 1934-35च्या सुमाराला त्यांना काही महिने वाद्य बाजूला ठेवावं लागलं. पुढे ते जर्मनीत तयार होणारं एक मलम ओठांना लावत, आणि त्या मलमाच्या डबीवर त्यांचंच नाव छापलं जाऊ लागलं. 1982 मध्ये हाइमे प्लानास या शल्यविशारदांनी ओठाचा हा गोल स्नायू फाटण्याच्या दुखापतीचं वर्णन केलं, तेव्हा तिला आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असं नाव मिळालं. स्नायू फाटेपर्यंत गोष्ट सगळ्यांची जात नाही. सुजेपर्यंत मात्र बहुतेकांची जाते, आणि हंगामात वरातीतल्या वादकाला सुट्टी नसते.

नळीला काय हवं

सुटी करून सरळ केली तर ट्रंपेटची नळी जवळजवळ दीड मीटर भरते. तिला तीन व्हॉल्व्ह. मधला दाबला की स्वर अर्ध्या सुरानं उतरतो, पहिला दाबला की एका पूर्ण सुरानं, तिसरा दाबला की दीड सुरानं. ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत निघाली. त्याआधी ट्रंपेट म्हणजे बहुतेक साधी नळीच होती.

एकही व्हॉल्व्ह न दाबता या नळीतून काय निघतं हे आपल्या कानांच्या ओळखीचं आहे. सर्वांत खालचा नेहमीच्या वापरातला स्वर सा धरला, तर फक्त ओठ आणि हवा बदलून वर प, मग तार सा, मग ग, मग प असे स्वर मिळतात. मधले स्वर त्या नळीत नाहीतच, त्यांच्यासाठी व्हॉल्व्ह लागतात. यातला ग मला फार जवळचा वाटला. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कुणी न वाजवता जो गंधार ऐकू येतो, ज्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तोच हा. मिरजेच्या तंबोऱ्यात आणि मेरठला बनणाऱ्या ट्रंपेटमध्ये तो एकाच कारणानं येतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येवर तो बसलेला असतो.

म्हणजे नळीला आपल्या आवडीचे ठरलेले स्वर आहेत. ओठांनी त्याच स्वरावर कंपायचं कबूल केलं की नळी साथ देते, आवाज भरून येतो, आणि वादकाला कष्टही कमी पडतात. ओठ जास्त आवळले गेले तर ते नळीच्या स्वरापेक्षा थोडं वर कंपू पाहतात. नळी त्यांना खाली ओढते, ओठ वर ओढतात आणि या ओढाताणीत जो आवाज निघतो तो चिरका, बारीक, धारदार. पुष्कळांना वाटतं की असा धारदार आवाज लांब पोचतो. माझा अनुभव उलटा आहे. फाटकापासून शंभर पावलं मागे जाऊन ऐकलं तेव्हा दाबून वाजवणाऱ्यांचे स्वर स्पीकरच्या गोंगाटात मिसळून गेले होते. रांगेच्या टोकाला उभा असलेला एक प्रौढ वादक गाल न फुगवता, खांदे न उचलता वाजवत होता. त्याचा एकेक स्वर सुटा कळत होता.

गालांबद्दल एक सांगायला हवं. अमेरिकी ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांचे फुग्यासारखे गाल साऱ्या जगानं पाहिले आहेत, आणि ते पाहून गाल फुगवणं म्हणजे जोर असा समज पसरला. गिलेस्पी हे असामान्य वादक होते आणि त्यांनी तशाच गालांवर आपलं वादन उभं केलं. इतरांचे गाल फुगले की कोपरे सैल सुटतात, आणि कोपरे सुटले की ओठांना धरून ठेवायला फक्त माउथपीसचं कडं उरतं. म्हणजे पुन्हा दाबणं आलं.

थंडी आणि स्पीकर

या बैठकीवर घाला घालणाऱ्या गोष्टी वरातीत जागोजाग उभ्या असतात. डिसेंबर-जानेवारीत जयपूरचं रात्रीचं तापमान सहज 10 अंशांखाली जातं. हवा गार झाली की ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे 0.6 मीटरनं घटतो, म्हणून गारठलेलं ट्रंपेट उतरलेल्या सुरात बोलतं. वादकाचा श्वास नळीला हळूहळू ऊब देतो, पण घोडी थांबली, नाच रंगला, बँड दहा मिनिटं गप्प उभा राहिला की नळी पुन्हा गार. मग सूर वर खेचायला ओठ आवळले जातात. गार धातू, कोरडी हवा आणि फुटलेले ओठ यांचं आपसात जमत नाही. माउथपीसवरचा चांदीचा मुलामा घासून गेला असेल तर उघडं पितळ ओठांना चावतं, पुरळ उठतं. हिवाळ्यात मी पाहिलेल्या माउथपीसांपैकी बऱ्याचशांच्या कडा अशा पिवळ्या पडल्या होत्या. काहींच्या कडेला खाच होती.

त्याहून मोठा शत्रू स्पीकरची गाडी. बँडच्या मागे ढकलगाडीवर कीबोर्ड, गायक आणि भोंगे असतात. ट्रंपेटवाला त्यांच्यापुढे चालतो. भोंग्यांच्या आवाजात त्याला स्वतःचा स्वर ऐकूच येत नाही. ज्याला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही तो माणूस नकळत जोरात वाजवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे साडेनऊच्या सुमाराला वरातीत घाई उडते. नातेवाइकांना याच अर्ध्या तासात सगळी गाणी हवी असतात, तीही चढ्या चालींची. ‘बहारों फूल बरसाओ’ कितीही हळुवार गाणं असो, वरातीत ते हळुवार राहत नाही. नोटा ओवाळणारा काका ट्रंपेटच्या तोंडासमोर येऊन नाचतो आणि त्याच्या हाताचा धक्का लागला तर माउथपीस थेट दातांवर बसतो. बँडच्या दुकानातल्या एका वयस्क मास्टरजींचा पुढचा दात असाच गेला. त्यानंतर त्यांनी ट्रंपेट सोडून युफोनियम धरलं, कारण मोठ्या माउथपीसला दातांचा आधार तितका लागत नाही असं त्यांना वाटलं. अमेरिकी वादक चेट बेकर यांचेही 1960च्या दशकात मारहाणीनंतर दात गेले आणि कवळी बसवून त्यांना वाजवणं पहिल्यापासून शिकावं लागलं. मास्टरजींना तेवढी सवड मिळाली नाही. पुढचा सावा दारात होता.

इथे वरातीच्या लवाजम्यात उंटही असतात. त्यावरून सीमा सुरक्षा दलाचं उंटपथक आठवतं. 1976 पासून ते दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसतं आणि त्याचा बँड उंटाच्या पाठीवर बसून वाजवतो. उंट चालताना स्वार पुढे-मागे हेलकावतो. अशा बैठकीत ज्याचं वाद्य ओठांवर दाबलेलं असेल त्याचे दात धड राहणार नाहीत. ते जवान वाजवू शकतात, कारण त्यांचा स्वर हातावर अवलंबून नसतो. ते त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. बँडवाल्यांची अडचण तिथेच आहे.

शिकवणी कुणाला मिळाली

आपल्या देशात ट्रंपेट शिकण्याचे तीन रस्ते होते. एक गोव्याचा. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणं, शिकवत आणि मग हातात वाद्य देत. आधी कान, मग ओठ. या शाळांतून निघालेली मंडळी मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. हळदोण्यात 1916 मध्ये जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ हे त्यातलेच. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला होता, आणि त्या हवेत गोव्याचे हे तरुण वाढले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, चिक यांचं ट्रंपेट हिंदी चित्रपटात आणलं. भगवानदादांच्या 1951च्या ‘अलबेला’त चिक आणि त्यांची मंडळी पडद्यावरही दिसतात. ते वादन आज ऐकताना वरच्या स्वरांतला मोकळेपणा लक्षात येतो. वर जाताना आवाज बारीक होत नाही. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड आणि मडगावचे ख्रिस पेरी हेही ट्रंपेटवालेच होते, आणि कोंकणी संगीताला व चित्रपटाला त्यांनी पुढे मोठं देणं दिलं.

दुसरा रस्ता लष्कराचा. 1950 मध्ये पचमढीला लष्करी संगीताची शाळा निघाली आणि तिथून तयार झालेले वादक पलटणीपलटणींत गेले. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला आहे. या शाळांत दिवसाची सुरुवात लांब स्वरांनी होते, आणि तो नेम सुटत नाही.

तिसरा रस्ता वरातीचा, आणि बहुतेकांच्या वाट्याला तोच आला. वाद्यं मेरठच्या जली कोठीत बनतात. तिथली नादिर अली कंपनी 1885 पासून चालू आहे, आणि तिचे संस्थापक नादिर अली स्वतः ब्रिटिश फौजेच्या बँडमध्ये होते. म्हणजे वाद्य फौजेतून वरातीत आलं, गणवेशही आला. सराव मात्र मागे राहिला. वरातीतला मुलगा आधी झांज किंवा खुळखुळा धरतो, मग कुणाचं तरी जुनं ट्रंपेट मिळतं, बोटांच्या जागा कळतात, आणि पहिल्याच हंगामात तो रांगेत उभा राहतो. ओठांबद्दल त्याला कुणी काही सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडांनी गणेशोत्सवात नाट्यपदं वाजवून श्रोते घडवले, लोक त्यांचं वादन थांबून ऐकतात. ऐकणारा असला की वादक हळू वाजवण्याचं धाडस करतो, आणि ओठांची बैठक सुधारते ती हळू वाजवण्यानं. इथल्या वरातीत थांबून ऐकणारा कुणी नाही.

आणि तरी जयपूरच्या या मंडळींचा कान कच्चा नाही. केसरिया बालम वाजवताना जो मांड ते काढतात त्यात स्वरावरून स्वरावर घसरणारी मींड आहे, आणि ती व्हॉल्व्ह अर्धवट दाबून व ओठ किंचित सैल करून घेतात. हे कुठल्याही युरोपीय पुस्तकात शिकवलेलं नाही. तबलावादक हमीद खान कावा यांनी जयपूरचे असेच वादक घेऊन जयपूर कावा ब्रास बँड उभा केला आणि तो युरोपभर वाजला. रहीस भारती यांचा जयपूर महाराजा ब्रास बँडही तसाच परदेशी गेला. तिथे हेच वादक रंगमंचावर उभे राहून वाजवतात, आणि लोक पुढ्यात बसून ऐकतात.

करंगळी मोकळी

भाद्रपदात दुर्गापुऱ्याच्या एका गल्लीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक उस्ताद चार-पाच मुलांना शिकवत होते. बाहेर पाऊस, आत पत्र्याचा आवाज. कुणी गाणं वाजवत नव्हतं.

आधी वाद्य बाजूला. मुलं हात कमरेवर ठेवून श्वास घेत होती. खांदे वर गेले की उस्ताद खांद्यावर बोट टेकवत. फासळ्या बाजूंना रुंदावायला हव्यात, पोट पुढे यायला हवं. श्वास घेतल्यावर तो घशात अडवायचा नाही, घेतला की लगेच सोडायचा. अडवून मग सोडला की घसा आवळतो, डोक्यात रक्त चढतं, आणि स्वराची सुरुवात धक्क्यानं होते. मग प्रत्येकाला कागदाचा एक कपटा दिला. तो भिंतीला टेकवायचा, हात काढून घ्यायचा आणि फक्त फुंकरीनं भिंतीवर धरून ठेवायचा. जोरात फुंकणाऱ्याचा कपटा लवकर पडतो, कारण हवा लवकर संपते. सारखी, न थरथरणारी फुंकर त्याला धरून ठेवते. एका मुलाचा कपटा बराच वेळ टिकला आणि बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर नुसता माउथपीस. ‘म’ म्हणताना ओठ जसे मिटतात तसे मिटायचे, कोपरे दातांकडे धरायचे आणि फुंकायचं. मधमाशीसारखा आवाज आला पाहिजे. माउथपीस दोन बोटांत, टोकाशी धरायचा, मूठ करायची नाही. ओठावर तो कुठे ठेवावा यावर पुस्तकांचं एकमत नाही. ज्याँ-बातिस्त आर्बां यांनी 1864च्या आपल्या ग्रंथात एक तृतीयांश वरच्या ओठावर आणि दोन तृतीयांश खालच्या ओठावर असं सांगितलं. आजचे पुष्कळ शिक्षक निम्मा-निम्मा किंवा वरच्या ओठावर थोडा अधिक ठेवायला सांगतात. उस्तादांनी मोजमाप केलं नाही. प्रत्येकाच्या दातांची ठेवण वेगळी, त्यामुळे आरशासमोर बसवून जिथे मुलाचा आवाज मोकळा येतो ती जागा त्यांनी खुणेनं दाखवली.

मग ट्रंपेट. आणि पहिली गोष्ट, उजवी करंगळी आकड्यातून बाहेर. करंगळी मोकळी असली की हाताला वाद्य तोंडाकडे खेचता येत नाही. मधल्या पट्टीतला एक स्वर अगदी हळू सुरू करायचा, आठ मात्रा धरायचा आणि थांबायचं. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ओठांना विश्रांती. एका मुलाचा स्वर बारीक येत होता. उस्तादांनी त्याला तोच स्वर ओठांनी थोडा खाली सोडायला सांगितला, जणू सूर उतरवायचा आहे. मुलानं ओठ सैल केले, स्वर किंचित उतरला आणि एकाएकी भरला. खोलीतला पत्रा त्या स्वराबरोबर गुणगुणू लागला. मुलानं चमकून वाद्य खाली घेतलं. नळीच्या मनातला स्वर त्याला पहिल्यांदा सापडला होता. पुढचा पाऊण तास त्यानं दुसरं काही वाजवलं नाही.

शेवटचा खेळ अवघड होता. ट्रंपेट उघड्या तळहातावर आडवं ठेवायचं, न पकडता, आणि तोंड त्याच्याकडे नेऊन वाजवायचं. दाब दिला की वाद्य सरकतं. वरचे स्वर येत नाहीत, पण जे येतात ते निव्वळ हवेचे. आठवडाभर असा सराव केल्यावर मुलांचं कडं लवकर विरायला लागतं, असं उस्ताद म्हणाले. अमेरिकी बँडमास्टर सूझा यांच्या बँडमधले नामवंत एकलवादक हर्बर्ट क्लार्क यांनी 1912च्या आपल्या स्वाध्यायांत अत्यंत हळू आवाजात वाजवायला सांगितलं आहे. उस्तादांना ते पुस्तक पाठ होतं. पानं सुटलेली त्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत होती.

चार महिने

देवशयनीला, म्हणजे आपल्या आषाढी एकादशीला, लग्नं थांबली की बँडच्या दुकानांना कुलूप लागतं. हंगामापुरते गावाकडून आलेले वादक परत शेतावर जातात, शहरातले कुणी ई-रिक्षा चालवतात, कुणी रंगकाम करतात. वाद्यं मालकाची असतात, ती दुकानात भिंतीला टांगलेली. म्हणजे चार महिने बहुतेकांच्या ओठांना माउथपीस लागत नाही. ओठांचे हे स्नायू अगदी लहान, थोड्या दिवसांत त्यांची ताकद उतरते. आणि देवउठनीच्या रात्री याच ओठांनी एकापाठोपाठ तीन-चार वराती वाजवायच्या असतात. पुढे धनुर्मासात महिनाभर पुन्हा बंद, संक्रांतीनंतर पुन्हा लग्नांची झुंबड, आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळस. ओठांना सावकाश तयार करायला या वर्षात कुठेच जागा नाही. वरातीतल्या वादकाच्या दुखापतीचं खरं कारण मला इथे सापडलं. फक्त थंडी, फक्त गोंगाट, फक्त चुकीची पकड यांनी इतकं बिघडत नाही. चार महिन्यांच्या खंडानंतर एका रात्रीत सगळा भार ओठांवर येतो, तेव्हा बिघडतं.

जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्यात जन्मलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तरुणपणी एका दरबारात सतत गावं लागलं आणि त्यांचा आवाज बसला, पुढे तो पहिल्यासारखा झाला नाही. मग त्यांनी आपल्या उरलेल्या आवाजाला साजेशी लयीची, पेचदार गायकी घडवली आणि ती कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला येऊन महाराष्ट्राची झाली. त्यांच्याकडे विद्या होती, म्हणून वाट निघाली. वरातीतल्या वादकाचा ओठ गेला तर त्याच्या हातात झांज देतात.

या वादकांना वाद्य घरी नेऊ देणं हा पहिला उपाय आहे, आणि तो मालकांच्या हातात आहे. नुसता माउथपीस घरी नेऊ दिला तरी पुष्कळ झालं. खिशात मावणाऱ्या त्या पितळी तुकड्यावर दिवसाला दहा मिनिटं हळू फुंकलं तर बैठक मोडत नाही. दुर्गापुऱ्यातल्या एका मालकानं यंदा निदान चार मुलांना माउथपीस दिले आहेत. त्यातला एक उस्तादांच्या खोलीत, कागदाचा कपटा भिंतीवर धरून उभा होता.

बाकीचं आपल्या हातात आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा देवउठनी तोंडावर आली असेल. जयपुरात असो वा जळगावात, घरच्या लग्नाला बँड ठरवाल तेव्हा पैशांबरोबर एवढं ठरवा: पहिली दोन गाणी खालच्या पट्टीतली, दर तीन गाण्यांनंतर पाच मिनिटं थांबा, वादकांना प्यायला कोमट पाणी, आणि स्पीकरची गाडी ट्रंपेटवाल्यांपासून निदान वीस पावलं मागे. ट्रंपेटच्या तोंडासमोर कुणाला नाचू देऊ नका.